दुःखाची स्त्रीपुरुष तुलना

पूर्व विदर्भातल्या साकोली तालुक्यात कुठल्याही गावातली चौथी-पाचवीची पोरं डोळ्यांसमोर आणा. मधल्या सुटीत खिचडीच्या रांगेत एकमेकांना ढकलणारी, गुडघे फुटलेली, मास्तरांची नक्कल करणारी. या वयात नैराश्याचा आजार मुळात कमी, आणि जो असतो तो मुलगा-मुलगी बघून येत नाही. दोघांतलं प्रमाण जवळजवळ सारखं. काही पाहण्यांत तर मुलांमध्येच किंचित जास्त सापडलं आहे. आता हीच पोरं आठवी-नववीत गेली की पुन्हा मोजा. मुलींमधलं प्रमाण मुलांच्या तिपटीच्या आसपास पोचलेलं असतं! नव्वदहून अधिक देशांतली आकडेवारी एकत्र करून काढलेला हा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. बाराव्या वर्षाच्या सुमाराला फट दिसू लागते, तेरा ते पंधरा या वयात ती सर्वांत रुंद होते, पुढे थोडी आवळते आणि दुपटीच्या आसपास येऊन स्थिरावते.

मधल्या चार वर्षांत असं होतं तरी काय? गाव तेच, शाळेची वाट तीच, चुलबंद नदीही तीच.

‘मुलींना पाळी येते’ हे उत्तर कुणीही देईल, आणि ते खोटं नाही. संप्रेरकांच्या चढउताराचा मनाशी संबंध आहेच. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात तो अनेकींना जाणवतो. पण त्याच वर्षांत आणखीही पुष्कळ काही होतं. भावाची सायकल लांब जाऊ लागते आणि तिची घरी उभी राहते. तिच्या हसण्याचा आवाज मोजला जातो. संध्याकाळी तो चौकात असतो, ती चुलीजवळ. शरीर बदलतं आणि त्याच मुहूर्तावर तिच्याभोवतीचं जगही बदलतं. दोन्ही एकाच वेळी घडत असेल तर कशाने काय झालं हे सोडवायचं कसं? प्रयोगशाळेत हा गुंता सुटत नाही. सुटलाच तर वेगळ्या रीतीने जगणारी माणसं शोधून सुटतो.

अशी माणसं सापडली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात. अमिश नावाचा हा ख्रिस्ती शेतकरी समाज मोटारीऐवजी घोडागाडी वापरतो, शेती आणि कुटुंब धरून राहतो, आणि दारूबाजीला त्यांच्यात थारा नाही. जेनिस एगलँड आणि अब्राम होस्टेटर यांनी १९७६ ते १९८० या काळात या समाजातल्या मानसिक आजारांची बारकाईने नोंद केली. निष्कर्ष १९८३ साली छापून आले, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. अमिश बायकांना आणि अमिश पुरुषांना नैराश्य सारखंच होत होतं. दुप्पट नाही, दीडपट नाही, सारखं.

 याचं कारण पुरुषांच्या बाजूला शोधलं गेलं. संशोधकांनी मांडलेला तर्क असा की इतर समाजांत पुरुषाचं नैराश्य दारूखाली आणि दांडगाईखाली झाकलं जातं. तो डॉक्टरकडे जात नाही, गुत्त्यावर जातो, म्हणून त्याची नोंद ‘नैराश्य’ या रकान्यात होतच नाही. दारूची वाट बंद असेल तर तेच नैराश्य उघडं पडतं. पुढे १९९७ साली अमेरिकेतल्या ज्यू लोकांवरचा एक अभ्यास आला. ज्यू पुरुषांत दारूचं व्यसन कमी, आणि नैराश्य मात्र इतर पुरुषांपेक्षा जास्त, जवळपास बायकांइतकंच. दोन वेगळे समाज, दोन वेगळे संशोधक, आणि चित्र एकच! मला या विषयातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते. आपण ज्याला पुरुषी कणखरपणा म्हणत आलो, त्याचा मोठा भाग बाटलीत मावत होता.

साकोलीकराला बाटलीबद्दल वेगळं सांगायला नको. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या या गावांत मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं टपटपतात. ती वेचायला टोपल्या घेऊन बायका आणि पोरं जातात. मोहफुलांचा उपयोग फक्त दारूसाठी होतो असं मुळीच नाही. ती खाल्ली जातात, देवाला वाहिली जातात, सुकवून विकून घरात चार पैसे येतात. पण दारूपुरतं बोलायचं तर वेचणाऱ्या बहुतेक बायका आणि पिणारे बहुतेक पुरुष, हा हिशेब गावात कुणीही मान्य करील.

देशपातळीवरचा आकडाही तेच सांगतो. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण साकोलीहून हाकेच्या अंतरावरची छत्तीसगड आणि मध्य प्रदेश ही राज्यं होती. दारूच्या विकाराचं प्रमाण पुरुषांत ९ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का निघालं. म्हणजे अठरापट. नैराश्य आणि चिंतेचे विकार मात्र स्त्रियांत जास्त. सगळे विकार एकत्र मोजले तर पुरुष १३.९ टक्के आणि स्त्रिया ७.५ टक्के. ‘बायकांचं मन नाजूक’ असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे दोन आकडे जरा सावकाश वाचावेत.

जिथे मेंदूच्या घडणीचा आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानला जातो, त्या स्किझोफ्रेनियात आणि बायपोलर विकारात स्त्री-पुरुषांचं प्रमाण फारसं वेगळं नसतं. स्किझोफ्रेनिया पुरुषांत काही वर्षं आधी दिसू लागतो, एवढंच. दरी पडते ती नैराश्यात, चिंतेत आणि व्यसनात, म्हणजे रोजचं जगणं ज्यात सगळ्यात जास्त मिसळलेलं असतं त्या दुखण्यांत. एकाच तलावाचं पाणी, पण एका अंगाने पाट काढला की त्या अंगाच्या धानाच्या बांध्या भरतात, दुसऱ्या अंगाने काढला की त्या. पाट कुठून जावा हे तलाव ठरवत नाही.

मग बायकांच्या अंगाचा पाट कुठे जातो?

धानाच्या रोवणीचे दिवस बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की पुरुष चिखलणी करतात, पऱ्हे म्हणजे रोपं उपटून त्यांच्या पेंड्या बांधीत फेकतात, आणि बायकांची रांग पोटरीभर चिखलात वाकते. सकाळी वाकलेली कंबर दुपारच्या भाकरीला सरळ होते, की पुन्हा वाकते. घरी येऊन चूल, भांडी, पाणी, पोरं, म्हातारी सासू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ८८. आणि ही सरासरी जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच आहे, न लावणाऱ्यांना त्यात धरलेलंच नाही!

अशी बाई दवाखान्यात जाते तेव्हा ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाही. ‘‘जीव घाबरते, हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात, रात्री झोप नाही येत,’’ असं सांगते. सोबत कंबर, डोकं, मुंग्या. ‘‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या.’’ मग बाटलीत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळलं की पाणी पिवळं होतं आणि तासभर ती बाई खाटेवर पडून राहते. मला राहून राहून वाटतं, त्या तासात उतरणाऱ्या पाण्यापेक्षा तो तासच औषध असावा. दिवसाउजेडी तिला कुणी न हटकता आडवं होता येतं, अशी दुसरी जागा तिला ठाऊक असेलच असं नाही.

या अंगाच्या दुखण्यामागे काय असतं याचा सगळ्यात कसून शोध घेतला गेला तो गोव्यात. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगत’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० या वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची गावोगाव तपासणी केली. त्यांना एक जुनं कोडं सोडवायचं होतं. भारतातल्या बायका दवाखान्यात अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार फार करतात. डॉक्टर जंतुसंसर्ग धरून गोळ्या देतात, तक्रार मात्र पुन्हा येते. पटेलांच्या चमूने तक्रार विचारली आणि सोबत प्रयोगशाळेत जंतूंचीही तपासणी केली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की ही तक्रार आणि जंतू यांचा मेळ फारसा बसतच नाही. मेळ बसतो तो मनाच्या अस्वास्थ्याशी. जिला नैराश्य किंवा चिंता, तिला पांढरं जाण्याची तक्रार कितीतरी अधिक. वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जात होत्या अशा एका आजारासाठी, जो अनेकींना झालेलाच नव्हता. जो झाला होता त्याबद्दल मात्र कुणी विचारत नव्हतं.

अर्थात संसर्ग नसतोच असं यातून कुणी समजू नये. साकोलीच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. शरीरही दुखत होतं आणि मनही. विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच दोन्हीकडे सामाईक.

त्याच गोव्याच्या पाहणीत नैराश्य-चिंतेशी सर्वांत घट्ट बांधलेल्या गोष्टी निघाल्या त्या अशा: नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती, वैधव्य किंवा नवऱ्याने टाकणं, घरात कशातच शब्द न चालणं, कठीण वेळी माणसांचा आधार नसणं, आणि गरिबी. यातली एकही गोष्ट रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दलही असंच झालं. हे तर संप्रेरकांचंच दुखणं, असा सगळ्यांचा समज. पटेलांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांना गाठलं आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा भेट घेतली. २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली खरी गोष्ट पुढे आहे. त्या आजारी स्त्रियांपैकी ७८ टक्के जणींचं मन पोटात मूल असतानाच बिघडलेलं होतं, बाळंतपणाची वाट न बघता. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ठळक होतं, आणि त्या सगळ्याचा चटका किती बसणार हे आणखी एका गोष्टीवर ठरत होतं: झालेलं बाळ मुलगा आहे की मुलगी. तान्ह्या बाळाचं लिंग आईच्या मनाच्या आजारात भाग घेतं! कुठल्या संप्रेरकाला बाळाचं लिंग कळतं? सासूला कळतं, नवऱ्याला कळतं, आणि पहिली मुलगी असताना दुसऱ्यांदा बाळंत झालेल्या आईला तर पेढे की जिलेबी यावरूनच कळतं.

इथे स्त्री आणि पुरुष यांची दुखणी एकमेकांना येऊन मिळतात. तो दुःखावर दारू पितो, त्या दारूतून घरात मारझोड येते, आणि तिचं नैराश्य तिथून सुरू होतं. त्याचं औषध तेच तिच्या आजाराचं कारण. गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी लागू झाली ती लोकांच्या चळवळीतून, आणि त्या चळवळीत बायका पुढे होत्या. त्यांना मानसशास्त्राचं एकही पुस्तक वाचावं लागलं नव्हतं. बंदीने दारू सुटते की नुसती लपते यावर वाद घालता येईल. त्या बायकांनी दुखण्याचं मूळ ओळखलं होतं, यावर वाद नाही.

बायकांना दुःख व्यक्त करायची एक जुनी जागाही आहे. अंगात येणं. शिकलेली माणसं त्याकडे एक तर हसतात, नाही तर अंधश्रद्धा म्हणून कपाळाला आठ्या घालतात. व्हिएडा स्कुल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाई मात्र महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात जाऊन बसल्या. मनाचा आजार झालेल्या माणसांना घेऊन कुटुंबं तिथे मुक्कामाला येत. १९८७ साली त्यांनी लिहिलेला लेख वाचताना अंगावर काटा येतो. अंगात येत होतं ते बहुतेक वेळा आजाऱ्याच्या नव्हे, त्याला घेऊन आलेल्या बाईच्या. आईच्या, बायकोच्या. घरावरची पीडा आपण आपल्या अंगावर ओढून घेतली तर मुलगा किंवा नवरा बरा होईल, अशी त्यांची धारणा. आणि मुलगा आजारी असेल तर आई महिनोन्‌महिने सोबत राही. बाईच आजारी पडली तर मात्र तिच्याजवळ राहायला घरचं कुणी असेलच याची खात्री नसे.

पुरुषांना अशी जागा कुठे आहे? साकोलीच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं चालतात. खडी गंमतीत बाईचं काम परंपरेने पुरुषच करत आले. लुगडं नेसलेला गडी तिथे हजार माणसांपुढे हंबरडा फोडू शकतो आणि लोक वाहवा करतात. सकाळी लुगडं सोडून तो घरी गेला की धान तुडतुड्याने गेलं तरी डोळ्यांत पाणी आणायचं नाही. तुम्हाला यात विनोद दिसला तर दिसो, मला दिसत नाही.

मन हलकं करायला माणूस लागतं, हे आजी सांगते तेव्हा आपण मान डोलावतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी ते मोजून दाखवलं. कॅम्बरवेल भागातल्या साध्या कष्टकरी वस्तीत दारोदार जाऊन त्यांनी स्त्रियांशी लांबलचक बोलणी केली आणि १९७८ साली पुस्तक काढलं. आयुष्यात मोठा आघात झालेल्या स्त्रियांपैकी कोण नैराश्यात जातं आणि कोण तगून राहतं? चार गोष्टी महत्त्वाच्या निघाल्या. मनातलं सांगता येईल असं जवळचं माणूस नसणं. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं असणं. घराबाहेर काम नसणं. आणि अकरा वर्षांची होण्याआधी आई गेलेली असणं. हे वाचलं की रोवणीची रांग वेगळी दिसू लागते. चिखल, जळवा, मोडलेली कंबर, सगळं खरं. पण त्या रांगेत दहा-पंधरा बायका दिवसभर एकमेकींच्या शेजारी असतात. गाणी होतात, सासूची नक्कल होते, कुणाच्या पाठीवरचा वळ कुणाला दिसतो आणि त्यावर बोलणंही होतं. ट्रॅक्टरवर बसून चिखलणी करणारा मात्र दिवसभर एकटा असतो. हा माझा तर्क आहे, कुणाचा अभ्यास नव्हे. तरी कुणी तरुण संशोधकाने तो तपासून बघावा असं फार वाटतं.

आता जिवावर बेतणाऱ्या आकड्यांकडे वळू. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्यांवर ग्रंथ लिहिला, आणि लग्नाचं कवच पुरुषाला जेवढं मिळतं तेवढं बाईला मिळत नाही, हे तेव्हाच हेरलं. भारतात त्याहून वाईट चित्र आहे. २०१६ साली जगातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतात झाल्या, पुरुषांच्या २४.३ टक्के. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा तेव्हा १८ टक्क्यांहूनही थोडा कमी. आणि जीव गमावणाऱ्या भारतीय स्त्रियांत सर्वाधिक संख्या विवाहितांची.

तरी एकूण संख्येत पुरुष पुढे. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे: पुरुष १,२२,७२४, स्त्रिया ४८,१७२. (तृतीयपंथी म्हणून २८. या आकड्यावर माझा विश्वास नाही, रकान्यापर्यंत पोचलेलेच एवढे असं म्हणावं लागेल.) राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर, २२,७४६. नैराश्य बायकांत दीड-दोनपट आणि आत्महत्या पुरुषांत अडीचपट, हे कोडं जगभर दिसतं. मदत मागायला लाजणारा माणूस शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही, हे त्याचं एक मोठं कारण.

त्याच अहवालात व्यवसायाचा तक्ता आहे. शेती कसणारे म्हणून ५,२०७ जणांची नोंद, त्यात पुरुष ४,९९९ आणि स्त्रिया फक्त २०८. मग बायका कुठे गेल्या? त्या ‘गृहिणी’ या रकान्यात आहेत: २५,३०९. स्त्रियांच्या एकूण आत्महत्यांपैकी निम्म्याहून जास्त. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, म्हणून पन्नास पावसाळे धान रोवलेली बाई कागदावर शेतकरी नसते. तिची कर्जाची काळजी, तिच्या बांधीतलं करपलेलं पीक, काहीच शेतीच्या नावावर लागत नाही. ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं की फाईल बंद. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर आपण वीस-पंचवीस वर्षं लिहितो-बोलतो आहोत, आणि त्या चर्चेत बाई आली ती बहुधा मागे राहिलेली विधवा म्हणून.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की दोष तेच असताना बोट मात्र बाईकडेच का. विदर्भातल्या त्या बाईंना आज हे तक्ते दाखवले असते तर त्यांनी पहिला प्रश्न बहुधा रकान्यांनाच विचारला असता.

हे सगळं दगडावर कोरलेलं असतं तर वाचून खिन्न होण्यापलीकडे काही उरलं नसतं. पण ते बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १५ देशांतल्या ७२,९३३ माणसांची पाहणी झाली आणि २००९ साली निष्कर्ष आले. ज्या देशांत, ज्या पिढ्यांत स्त्री-पुरुषांच्या कामांतलं आणि शिक्षणातलं अंतर कमी झालं, तिथे नैराश्यातली दरीही अरुंद होत गेलेली दिसली. शरीर तेच, संप्रेरकं तीच, आणि आजाराचं प्रमाण मात्र बदलतं. दुसऱ्या काही पाहण्यांत याच्या उलट आकडेही आलेले आहेत, म्हणून घाईने निकाल देऊ नये. पण जन्मतःच ठरलेली गोष्ट पिढीगणिक हलत नसते.

आणि आपल्याकडेच, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली मांडले. गावातलीच माणसं तयार केली. ती घरोघर जाऊन टेन्शनबद्दल, झोपेबद्दल, दारूबद्दल विचारत, ऐकून घेत, आणि गरज असेल त्याला पुढे समुपदेशक किंवा डॉक्टरकडे पाठवत. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार कुणाकडे तरी मदतीला गेलेली होती. दीड वर्षाने सत्तावीस. मागच्या वर्षभरात जीव द्यायचा विचार मनात आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. गोव्यातही साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्यावर आणि पुरुषांच्या दारूवर काही बैठकांत गुण आणून दाखवला. फार मोठी यंत्रसामग्री लागली नाही. शेजारी बसून विचारणारं माणूस लागलं.

साकोलीत आणि साकोलीबाहेरही हे वाचणाऱ्या आशाताईंना, शिक्षकांना, डॉक्टरांना माझी विनंती एवढीच: सलाईन मागणाऱ्या बाईला झोपेबद्दल आणि घराबद्दल एक प्रश्न जास्त विचारा, आणि रोज पिणाऱ्या गड्याला ‘का पितोस’ असं दरडावण्याऐवजी काय बिनसलं आहे ते विचारा. मनाच्या दुखण्यांसाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, दिवसरात्र चालू, फोन फुकट, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी लावा, घरच्यासाठी लावा, रांगेतल्या शेजारणीसाठी लावा.